जोव्हिनाच्या घरात वास येईना

विषाची परीक्षा पाहू नये, असं आपण सहज म्हणतो. सातासमुद्रापारच्या जंगलातल्या तिकिए नदीकाठच्या बायकांना ही चैन परवडत नाही. त्यांना ती परीक्षा दर दोन-तीन दिवसांनी द्यावी लागते, तीही सगळ्या घराला जेवायला बसवून. जोव्हिना न्हाती-धुती झाल्यापासून ही परीक्षा देत आली होती. तिच्या हातची भाकरी खाऊन कुणाला साधी कडू ढेकरसुद्धा आलेली नाही, हे ती स्वतःच चारचौघींत सांगत असे.

ती मूळची नदीच्या वरच्या अंगाची, तुयुका भाषेची. लग्न होऊन आली तुकानो भाषेच्या गावात. या नदीवर तसाच रिवाज आहे. आपल्या भाषेची मुलगी म्हणजे बहीण, तेव्हा बायको दुसऱ्या भाषेतूनच आणायची. नवरी येते ती दागिने घेऊन नाही, आईच्या शेतातल्या कडू कसावाच्या कांड्यांची मोळी घेऊन. जोव्हिनाच्या कांड्या या गावात लागल्या, फोफावल्या. पुढे तिच्या भावाची मुलगी नाझारिया सून होऊन घरात आली, तेव्हा तिच्याही पाठीवर त्याच शेतातली मोळी होती. नाझारिया सासूला आत्याच म्हणायची. दोघी चुलीपाशी माहेरच्या भाषेत बोलायला लागल्या की जोव्हिनाचा मुलगा आमान्सियो म्हणायचा, "झालं, माझ्या चहाड्या सुरू."

हा कडू कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या झाडाचा, त्याच झाडाची कडक स्वभावाची थोरली बहीण. त्याचे कंद सोलायचे, दगडाच्या कपच्या ठोकलेल्या फळीवर किसायचे, कीस धुवायचा, तिपिती नावाच्या वेताच्या लांबलचक पिळणीत भरून पिळायचा, मुरत ठेवायचा आणि मग मोठ्या तव्यावर भाकरी थापायची. खाली निथळलेल्या कच्च्या रसात कोंबडीने चोच बुडवली तर ती अंगणाच्या टोकापर्यंतही पोचत नाही. तोच रस वेळ देऊन मग खूप उकळला की गोडसर कढ होतो, आणि संध्याकाळी घरोघर तो गरम गरम पितात.

किसताना वास सुटतो. डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं, नव्या नवरीला तर ओकारी येते. जोव्हिना लहानपणी नाक दाबून पळायची, तेव्हा आई तिला ओढून परत फळीपाशी बसवायची. "वासाला भिऊ नको," आई सांगायची. "वास आला म्हणजे पाहुणा उठला. उठलेल्या पाहुण्याला अडवायचं नाही. दार उघडं ठेवायचं." जोव्हिनाने हे बोलणं पाठ केलं होतं, नाझारियालाही तेच शिकवलं होतं. पाठ केलेलं माणूस किती ऐकतो, हा प्रश्न वेगळा.

कंदाच्या आत काय चालतं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कंदाच्या प्रत्येक पेशीत विष एका साखरेला बांधून कोंडून ठेवलेलं असतं. बांधलेलं आहे तोवर त्याला ना वास, ना धार. पेशीच्या भिंतीत मात्र एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते ही गाठ कापू शकतं. एरवी दोघांची भेट होत नाही. कुणी दात मारला, कुणी किसलं, की भिंत फुटते, विकर पाण्याला हाताशी धरून गाठ कापतं आणि विष मोकळं होऊन वाफेबरोबर उडायला लागतं. पाण्याच्या मदतीने कापणाऱ्या या जातीच्या विकरांना शास्त्रात हायड्रोलेज म्हणतात, आणि ती नाहीत अशी जागा नाही. ती आपल्या थुंकीत आहेत, आतड्यात आहेत, पडलेलं पान कुजवून त्याची माती करणाऱ्या बुरशीत आहेत. त्यांच्यावाचून जंगलाचा कचरा जंगलातच साठून राहिला असता आणि आपल्या पोटातला घास पोटातच. त्यांना आपलं-परकं मात्र कळत नाही. समोर आलेली गाठ कापायची एवढंच त्यांना येतं. कसावाने हे विकर बाळगलं ते कंद कुरतडणाऱ्याचा जीव घ्यायला. बायकांनी त्याचं हत्यार त्याच्यावरच उलटवलं: जेवायच्या आधीच सगळी भांडणं फळीवर उरकून घ्यायची, म्हणजे पोटात जाईल ते थंड झालेलं.

जोव्हिनाला यातला एक शब्द ठाऊक नव्हता. पण तिची थुंकी गावात नावाजलेली होती. सणाची काशिरी करताना बायका भाकरी चावून चावून डोणीत थुंकतात, त्या थुंकीने पिठाचं गोड होतं आणि गोडाची दारू. जोव्हिनाने चावलेली डोण सगळ्यांत आधी गोड व्हायची. शेजारची युफेलिया दर वेळी म्हणायची, "जोव्हिना, जीभ एवढी तिखट आणि थुंकी एवढी गोड. देवाचा काहीतरी घोटाळा झालाय बाई तुझ्यात." आणि जोव्हिना तोंडातला घास न थांबवता हाताने तिला गप्प बस म्हणून खुणावायची.

मग तो दुष्काळ आला.

नदी आधी काठ सोडून आत गेली, मग खडकांमधल्या डबक्यांपुरती उरली. मासे डबक्यांत तापून मेले आणि पांढरी पोटं वर करून तरंगले. शेतातला कसावा तगला, तो तगणारच. पण पाण्याविना वाढलेला कंद जास्त कडू होतो, आणि त्या साली तो फार कडू झाला. आमान्सियो मासळीच्या शोधात वरच्या धबधब्यांकडे गेला, तो आठवडे आठवडे परतत नसे. आला तरी हातात बोटभर लांबीचे चार मासे असत. त्यांचं मिरचीचं कालवण व्हायचं त्यात मिरचीच जास्त.

त्यातच नाझारियाला दिवस गेले. आधी दोनदा गेले होते आणि दोनदा पोट रिकामं झालं होतं. दुसऱ्या वेळी तर बाळाला हाताची नखं आली होती. जोव्हिनानेच ते केळीच्या पानात गुंडाळून घरामागे पुरलं. त्या जागेवरून ती कधी पाय ठेवून जात नसे. आता तिसरी खेप होती, आणि जोव्हिनाच्या डोक्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरा विषय नव्हता.

एके दिवशी किसता किसता नाझारिया फळीवरच कलंडली. जोव्हिनाने तिला धरून बाहेर आणलं, वारा घातला.

"काही नाही आत्या, वासाने भोवळ आली."

"मागच्या वेळीही आली होती का गं?"

"दोन्ही वेळा आली होती."

जोव्हिनाने मनाशी मोजलं. दोन्ही वेळा. मग तर उघडच होतं. हाच वास नाकातून पोटात शिरून बाळाला मारत असणार. एवढी वर्षं आपण नाकाला जपायचं सोडून त्या वासालाच पूज्य मानत बसलो, असं तिला वाटलं. तिने नाझारियाला किसायची बंदी केली. पण घर एकाच छपराचं. जोव्हिना किसायची तर वास झुल्यात पडलेल्या नाझारियापर्यंत जायचाच. ती नाकाला फडकं लावायची आणि फडक्यातच उलटी करायची.

त्याच आठवड्यात आरोग्यसेवक लौरेआनो गावात फिरत होता. जोव्हिनाच्या नवऱ्याच्या भावाचा हा मुलगा. खाली शहरात शिकून आला होता आणि डबक्याच्या पाण्याने लोकांना लागलेले जुलाब थांबवण्यासाठी जिवाचं रान करत होता.

"काकू, पाणी उकळूनच प्यायचं. कंटाळा करायचा नाही."

"कंटाळा कसला? लाकूडफाटा तू आणून देणार का?"

"देईन. पण उकळा. उकळलं की सगळं मरतं."

हे बोलणं जोव्हिनाच्या मनात रुतून बसलं. उकळलं की मरतं, हे तिला परकं नव्हतं. कसावाचा रस उकळल्यावरच तर पिण्याजोगा होतो. मग शेवटी उकळायचंच आहे, तर आधी का नको? कंदच उकळत्या पाण्यात टाकले आणि मग किसले, तर विष भांड्यातच मरेल आणि वास उठणारच नाही. पोरीला त्रास नाही, पोटातल्याला त्रास नाही. इतकी साधी गोष्ट आईला, आजीला कुणालाच कशी सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं आणि थोडा अभिमानही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कंद सोलून, तुकडे करून मोठ्या हंड्यात उकळले. अर्धकच्चे असतानाच काढले आणि फळीवर धरले. कीस मऊ पडला. तिने श्वास ओढला. पुन्हा ओढला. नुसत्या उकडलेल्या कंदाचा गोडसर वास होता. डोळे कोरडे होते.

"नाझारिया, ये इकडे."

नाझारिया बिचकत आली. फळीवर वाकली, आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आत्या, काहीच नाही येत."

जोव्हिनाने लगेच विश्वास ठेवला असं नाही. ती मूर्ख नव्हती. तिने पिळलेला रस करवंटीत घेतला आणि अंगणात ठेवला. कोंबडी आली, चोच बुडवून प्यायली, मान वर करून घोट गिळला आणि माती उकरायला निघून गेली. संध्याकाळपर्यंत ती हिंडत होती. मग मात्र जोव्हिना निर्धास्त झाली.

उकळीत मेलं ते विष नव्हतं. गाठ कापणारं विकर मेलं होतं. त्या नाजूक कारागिराला उष्णता सोसत नाही, आणि बांधलेल्या विषाचं उकळीने काही वाकडं होत नाही. गाठी जशाच्या तशा राहिल्या, किसात आणि रसात, वासाविना. कोंबडी वाचली ती त्यामुळेच, कारण मोकळं विष तिच्या घोटात नव्हतं. पण माणसाच्या आतड्यात लाखो जंतू राहतात, आणि त्यांच्याजवळ तसलीच कापणारी विकरं असतात. फळीवर उरकायचं भांडण आता नाझारियाच्या पोटात, रोज, थोडं थोडं होणार होतं. मासळी-मांस भरपूर असेल तर शरीर असलं विष हळूहळू निकामी करून बाहेर टाकतं. त्या साली मासळी नव्हती.

खुणा दिसल्या नाहीत असं नाही. उकळलेल्या किसाचा चीक तळाशी नीट बसेना. भाकरी चिकट व्हायला लागली, तव्याला धरायची. जोव्हिनाने दुष्काळाला दोष दिला. उकळलेलं पाणी फेकवेना म्हणून तिने तेही कढात घातलं. युफेलिया डोकावून गेली तेव्हा जोव्हिनाने मोठ्या तोऱ्यात तिला नवी रीत दाखवली.

युफेलियाने एक तुकडा तोंडात टाकला आणि नाक मुरडलं. "ही भाकरी आहे की डिंक? दात पडले की येईन तुझ्याकडे शिकायला."

"डोकं दुखेल तेव्हा येशील."

"माझं डोकं लहानपणापासून दुखतंय. त्याने माझं काही अडलं नाही."

युफेलिया आळशी आणि हट्टी बाई होती, नवं काही शिकायचं तिच्या जिवावर यायचं. त्या आळसानेच तिचं घर वाचलं. गावातल्या बाकीच्या बायकाही तिच्या टोमण्यांना भिऊन जुन्याच रीतीवर राहिल्या.

आणि जोव्हिना का वाचली, ते तर आणखी वाईट आहे. तिला ती चिकट भाकरी चावायला त्रास व्हायचा. छपराखाली टांगलेल्या टोपलीत मागच्या वर्षीचं भाजलेलं कसावाचं जाडं पीठ शिल्लक होतं, जुन्या रीतीने केलेलं. ती मूठभर पीठ पाण्यात कालवून प्यायची आणि ताजी भाकरी, ताजा कढ सगळा सुनेपुढे सारायची. "तू खा. तुला दोन जिवांचं आहे. मला म्हातारीला शिळंपाकं चालतं." नाझारियाला नको झालं तरी ती वाडगा पुढे धरून उभी राहायची. उरलेसुरले तुकडे पिंतादो नावाच्या ठिपक्या कुत्र्याला मिळायचे.

आधी पिंतादोचे मागचे पाय लडबडायला लागले. तो उडी मारायला जायचा आणि बूड खाली आपटायचा. जोव्हिना म्हणाली, म्हातारा झाला. तो काही फार म्हातारा नव्हता.

मग नाझारियाच्या पोटऱ्या आवळायला लागल्या. सकाळी उठली की हातपाय थरथरायचे, संध्याकाळी कढ प्यायल्यावर डोकं गरगरायचं. जोव्हिना तिच्या पोटऱ्यांना तेल चोळायची. "माझंही असंच झालं होतं आमान्सियोच्या वेळी," ती म्हणायची. तसं काही झालं नव्हतं. पोरीला धीर यावा म्हणून ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. अशक्तपणा आहे, खायला हवं. म्हणून वाडगा आणखी भरला जायचा. पोट मात्र वाढत होतं, बाळ आत हलत होतं. मागच्या दोन्ही खेपांची वेळ टळून गेली होती. जोव्हिना रोज सकाळी सुनेच्या पोटावर हात ठेवायची, आत लाथ लागली की डोळे मिटायची. ती डाव जिंकत आली होती.

एके सकाळी नाझारिया पाणी आणायला म्हणून झुल्यातून उतरली आणि उभी राहिलीच नाही. गुडघे वाकले, टाचा वर उचलल्या गेल्या, दोन्ही पाय एकमेकांत अडकले. ती हातांवर पडली.

"आत्या, पाय सरळ होत नाहीत."

"झिणझिण्या आल्या असतील. थांब."

"झिणझिण्या नाहीत. पाय माझे ऐकतच नाहीत."

जोव्हिनाने ते पाय मांडीवर घेतले, दाबले, ओढले. सुक्या चामड्यासारखे ते ताठ होते आणि सोडले की पुन्हा आवळायचे. नाझारिया रडली नाही. तिने दोन्ही हात पोटाला लावले आणि आत हालचाल होईपर्यंत तशीच बसून राहिली.

आमान्सियो अजून धबधब्यांकडेच होता. लौरेआनो आला. ताप नव्हता, जखम नव्हती, साप नव्हता. त्याने गावच्या रेडिओवरून खाली रुग्णालयाला कळवलं. उत्तर आलं की नदीत पाणी नाही, होडी येऊ शकत नाही, काय खाते-पिते ते विचारा.

"काय खाते?" लौरेआनोने विचारलं.

"भाकरी खाते, कढ पिते. सगळं उकळलेलं, तू सांगतोस तसं," जोव्हिना म्हणाली. "एक घोट कच्चा जात नाही तिच्या पोटात."

लौरेआनोने मान डोलावली. त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या दुपारी घरात विस्तव नव्हता, म्हणून जोव्हिना निखारा मागायला युफेलियाकडे गेली. युफेलिया किसत बसली होती. दारातच वासाने जोव्हिनाच्या तोंडावर थप्पड मारली. डोळ्यांतून पाणी आलं, कपाळात कळ गेली. लहानपणापासूनचा ओळखीचा वास. ती उंबऱ्यावरच थांबली.

"काय झालं? भूत दिसलं का?" युफेलियाने मान वर न करता विचारलं.

जोव्हिना वास ओढत राहिली. कंद उकळायला लागल्यापासून तिच्या घरातून हा वास आला नव्हता. वास आला म्हणजे पाहुणा उठला, असं आई म्हणायची. तो मेला असं आई कधीच म्हणाली नव्हती. मग आपल्या घरातला पाहुणा उठला नाही तर गेला कुठे? कुणाकडे मुक्कामाला आहे तो?

"मूठभर कीस दे मला," ती म्हणाली.

"निखारा हवा होता ना?"

"कीस दे."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, युफेलियाने टोमणा न मारता मूठभर ओला कीस पानावर घालून दिला. जोव्हिना घरी आली. हंड्यात सकाळचा उकळून किसलेला गोळा होता, बिनवासाचा, गोडसर. तिने त्यात तो मूठभर कच्चा कीस कालवला, थोडं पाणी शिंपडलं आणि वर पान दाबून ठेवलं. मग समोर बसली. नाझारिया झुल्यातून बघत होती.

"काय करतेस आत्या?"

"बघते."

अंगणातली सावली झुल्याच्या दोरीपर्यंत आली तेव्हा तिने पान उचललं. हंड्यातून वास असा उसळला की तिची मान मागे गेली. मूठभर किसाचा एवढा वास नसतो. एवढा वास टोपलीभर कंदांचा असतो, कडू वर्षातल्या कडू कंदांचा. तो सगळा त्या गोड गोळ्यात दडून बसला होता. बाहेरून कुणी गाठ सोडणारा आत आल्याबरोबर तो उठला होता.

जोव्हिनाला हायड्रोलेज म्हणजे काय ते त्या क्षणीही ठाऊक नव्हतं. पण आपण काय केलं ते पुरतं कळलं. तिने हंडा उचलून घरामागे लांब नेऊन रिता केला. परत येताना ती पहिल्यांदाच त्या केळीच्या पानातल्या बाळाच्या जागेवरून चालत आली, आणि तिच्या लक्षातही आलं नाही. मग सुनेच्या झुल्यापाशी जमिनीवर बसली.

"मी तुला विष घातलं," ती म्हणाली. "वाडगे भरभरून घातलं. वास मारला आणि विष ठेवलं."

नाझारियाने तिच्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तिने विचारलं ते वेगळंच.

"मग याला?" तिचा हात पोटावर होता. "याच्या पोटात किती गेलं?"

"ठाऊक नाही पोरी."

"पाय माझे गेले तर गेले. याचे?"

पिंतादो अंगणातून मागचं धड फरफटत आला आणि दारात पडला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघींनी नजर फिरवली.

पाऊस आला, नदी भरली, होडी आली. रुग्णालयात त्यांनी नाझारियाचे पाय ठोकून पाहिले, रक्त तपासलं. आजार ओळखीचा निघाला, फक्त या नदीवर कुणी पाहिला नव्हता. दूर आफ्रिकेत दुष्काळात घाईने केलेला कसावा खाऊन बायका-मुलांना तो होतो म्हणाले. वाढणार नाही, पण पायांचं गेलं ते परत येणार नाही. मुलाचं काय ते सांगता येत नाही म्हणाले. हे सगळं लौरेआनोने तुकानोत सांगितलं.

"काकू, उकळा उकळा मीच करत होतो."

"तू पाण्याचं बोललास. कंदाचं डोकं माझं," जोव्हिना म्हणाली. "माझ्या वाटणीचं तू घेऊ नको."

मुलगी झाली. रडली, प्यायली, मुठी आवळल्या. पहिल्या रात्रीपासून जोव्हिना तिचे पाय बघायची. आंघोळ घालताना बोटं एकेक करून सरळ करायची, तळवा हातावर दाबून बघायची. गावातल्या बायका म्हणायच्या, किती गोड पाय. जोव्हिनाला त्या पायांत गोडवा दिसत नसे. पाय ताठ होतात का, एवढंच ती बघायची. मुलगी रांगायला लागली तेव्हाही ती म्हणाली, रांगता पिंतादोलाही येतं. पिंतादो तोवर मेला होता.

जुनी रीत घरात परत आली. नाझारिया काठीवर भार टाकून, चवड्यांवर, पाय एकमेकांवर घासत चुलीपर्यंत जायची आणि बसून कंद सोलून द्यायची. किसायचं काम जोव्हिना करायची. पहिल्यासारखी बढाई तिने पुन्हा कधी मारली नाही. युफेलिया यायची, टोमणे मारायची, पण भाकरीचा तुकडा तोंडात टाकण्याआधी एकदा हुंगायची, आणि जोव्हिना ते बघून न बघितल्यासारखं करायची. किसणं सुरू झालं की नाझारिया दर वेळी विचारायची, "आत्या, उठला का पाहुणा?" ती चिडून विचारायची की सवयीने, ते जोव्हिनाने कधी विचारलं नाही. फक्त उत्तर द्यायची.

दुसऱ्या वर्षी नदी पुन्हा आटायला लागली त्या सुमाराची ही गोष्ट. दुपार होती. जोव्हिना दाराकडे पाठ करून किसत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मागे नाझारिया जमिनीवर बसली होती आणि मुलगी तिच्या झुल्याची दोरी धरून उभी होती.

"आत्या," नाझारिया हळूच म्हणाली. "हिने दोरी सोडली."

जोव्हिनाचे हात थांबले. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिच्याच्याने वळवेना.

"टाच?" तिने विचारलं.

"टेकली."

"दोन्ही?"

मागून मातीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, मग थांबला. जोव्हिना कंद हातात घट्ट धरून समोरच्या कुडाकडे बघत राहिली. नाझारिया श्वास सोडेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

"दोन्ही," नाझारिया म्हणाली. मग तिने नेहमीचं विचारलं. "पाहुणा उठला का?"

"उठतोय," जोव्हिना म्हणाली आणि पुन्हा किसायला लागली. "दार लोटलंय का बघ. लोटलं असेल तर तिला सांग, ती जाईल चालत. उघडून ये म्हणावं."